बर्फाला भोक पाडून मासा धरण्याविषयीचा अर्ज

अर्जातील 'विषय' ही ओळ सर्वांत शेवटी लिहावी, असे माझे आजही ठाम मत आहे. नवशिके लोक ती आधी लिहून मोकळे होतात आणि मग सारा मजकूर त्या ओळीच्या खुंट्याभोवती फिरवीत राहतात. मी हा नियम कटाक्षाने पाळत आलो. कुवेतमधील माझ्या कारकिर्दीत तो माझ्या हातून एकदाच मोडला, आणि त्या एका वेळेची ही हकीकत आहे.

शुवैखला गॅरेजांच्या रांगेत, टायरच्या दुकानाला लागून, एक टायपिंगचे दुकान होते. दर्शनी भागात अरबी कागद टंकणारा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, गृहस्थ बसे आणि आतील उजव्या कोपऱ्यात माझे टेबल होते. इंग्रजी अर्ज, विनंतीपत्रे, हमीपत्रे, रजेचे आणि माफीचे कागद हे माझे क्षेत्र. माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले. त्यात दहावी धरावी की धरू नये याविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु अर्जाची भाषा कोणत्याच शाळेत शिकवीत नाहीत, ती ज्याची त्याला कमवावी लागते. गॅरेजमधले पंजाबी आणि मल्याळी कारागीर मला वकीलसाहेब म्हणत. मी ते दुरुस्त करीत नसे, कारण कामाच्या स्वरूपाकडे पाहता ते अगदीच चुकीचे नव्हते. कोकणातली मंडळी मात्र मला मास्तर म्हणत.

इराकची लढाई संपून पाचसहा वर्षे झाली होती. थंडी नुकती लागली होती, म्हणजे कुवेतच्या मानाने; दुपारी दोनला दुकानाचा पंखा बंद ठेवता येई, एवढीच. अशा एका दुपारी मालवणकडचा एक स्वयंपाकी माझ्यासमोर येऊन बसला. वय चाळिशीच्या आतबाहेर, अंगाने काटक, हाताची बोटे मात्र त्या अंगाला न शोभणारी जाडजूड. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत काम करणाऱ्या एका कॅनडाच्या इंजिनिअरकडे तो स्वयंपाकाला होता. इंजिनिअरचा करार संपत आला होता आणि तो कायमचा मायदेशी निघाला होता. त्याचे वडील तिकडे डोंगरातल्या कुठल्याशा तळ्याकाठी एकटे राहत. जाताना या स्वयंपाक्याला महिनाभर पाहुणा म्हणून तेथे न्यायचे, आणि महिन्यानंतर त्याने कुवेतला परतून सलवामधल्या एका कुटुंबाकडे नव्या नोकरीवर रुजू व्हायचे, असे ठरले होते. नव्या घरचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवानाही झालेला होता. राहिला होता तो व्हिसा.

"कशासाठी जायचे आहे?" मी कागद पुढे ओढीत विचारले.

"आइस फिशिंग," तो म्हणाला. इंजिनिअरने दिलेल्या निमंत्रणपत्रातही तेच दोन शब्द होते.

येथे माझ्या जन्मगावाविषयी सांगणे प्राप्त आहे. मी सांगलीकडचा. आमच्या आठवड्याच्या बाजारात समुद्राचा मासा यायचा तो लाकडी खोक्यातून, बर्फ आणि भुसा यांच्या संगतीने. मासा आणि बर्फ हे दोन शब्द एकत्र आले की माझ्या डोळ्यांपुढे ते खोकेच उभे राहते. तेव्हा आइस फिशिंग म्हणजे मासे बर्फात भरण्याचा व्यवसाय, याविषयी माझ्या मनात किंचितही शंका आली नाही. तरीही मी काळजीपूर्वक चौकशी केली.

"बर्फाचे काम तुला येते का?"

"येता म्हणजे? ल्हानपणापासून करतंय मास्तरांनू. एक थर मासो, एक थर बरफ. वरसून गोणपाट."

माझे समाधान झाले. मी 'विषय' लिहिला आणि खाली मजकूर रचला. अर्जदाराची लायकी नमूद केल्याशिवाय अर्ज पुढे पाठवायचा नाही, ही माझी पद्धत. त्यानुसार मी लिहिले की अर्जदार वंशपरंपरेने मासेमार असून आइस फिशिंगच्या कामात बालपणापासून निष्णात आहे, आणि मासा बर्फात भरण्याच्या कामी त्याचा हात धरणारा विरळा. तो परिच्छेद मला इतका साधला होता की मी तो पुन्हा एकदा मोठ्याने वाचला. मिसरी गृहस्थाला इंग्रजी येत नसे. त्यानेही मान डोलावली.

दहा दिवसांनी कागद परत आला. सोबत कॅनडाच्या वकिलातीची चिठ्ठी होती. त्यात म्हटले होते की अर्जदार पाहुणा म्हणून जाणार की मासे भरण्याच्या कारखान्यात कामाला जाणार, हे अर्जावरून स्पष्ट होत नाही. पाहुण्याला काम करण्याची मुभा नाही. तरी खुलासा सादर करावा आणि पुढील आठवड्यात मुलाखतीस हजर राहावे. ही चिठ्ठी घेऊन स्वयंपाकी आला तो एकटा आला नाही. त्याचा इंजिनिअर सोबत होता. चांगला सहा फुटांचा, भुवयासुद्धा पिवळ्या असलेला गृहस्थ. त्याने माझ्या अर्जाची प्रत मागून घेतली, उभ्याउभ्या वाचली आणि तो हसू लागला. हसत हसत तो दुकानाबाहेर गेला आणि शेजारच्या टायरांच्या चळतीवर जाऊन बसला.

"साहेब हसता कित्याक?" स्वयंपाक्याने मला विचारले.

"मला काय माहीत? तुझा साहेब आहे."

इंजिनिअर डोळे पुसत परत आला. त्याने माझी क्षमा मागितली, आणि ती नीट शब्दांत मागितली हे मला नमूद केले पाहिजे. मग माझ्याच टेबलावरचा कोरा कागद घेऊन त्याने चित्र काढले. दोन बाजूंना डोंगर, मध्ये खोल खळगा, खळग्यात पाणी. पाण्याच्या माथ्यावर त्याने एक जाड पट्टा रंगवला. हा बर्फ, तो म्हणाला. पट्ट्याला एक भोक. भोकाशेजारी खोक्यावर बसलेला माणूस, त्याच्या हातात दोरी, दोरी भोकातून खाली, खाली, अगदी तळाशी, आणि तेथे मासा.

"बरफाक भोक पाडूचा आणि गरवूचा!" स्वयंपाकी एकदम ओरडला. गळ टाकून मासा धरणे याला त्यांच्याकडे गरवणे म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले.

"मग हे आधी सांगायचे नाही?"

"तुम्ही इचारलास खंय? तुम्ही इचारलास, बरफाचा काम येता काय. येता म्हटलंय."

माझी चूक झाली होती, हे उघड होते. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी मला चुकीपेक्षा त्या चित्राचेच नवल अधिक वाटत होते. मी इंजिनिअरला प्रश्न विचारू लागलो. बर्फ पाण्यापेक्षा थंड; मग थंड पाणी जड होऊन तळाशी जाते, तसा बर्फ तळाशी का जात नाही? त्याने शेजारच्या टपरीवरून बर्फ घातलेल्या पाण्याचा पेला मागवला आणि माझ्यापुढे ठेवला. बर्फ वर तरंगत होता. उभ्या आयुष्यात शेकडो वेळा पाहिलेली गोष्ट मी प्रथमच पाहिली. तो म्हणाला, बर्फाचे ते छप्पर वर असते म्हणून खालचे पाणी गोठत नाही, आणि हिवाळ्यात तळाचे पाणी वरच्यापेक्षा थोडे उबदारच असते. मग मासा श्वास कसा घेतो? पाण्यात विरलेली हवा त्याला पुरते, असे तो म्हणाला. त्याला अंधार नाही का वाटत? बर्फातून थोडा उजेड झिरपतो. मासा कोणता? लेक ट्राउट, तो म्हणाला. थंड आणि खोल पाण्याशिवाय जगत नाही, आणि वाढतो इतका सावकाश की एखादा थोराड मासा तीस वर्षांचाही निघतो.

"तीस वर्षे एकाच तळ्यात?"

"एकाच तळ्यात," तो म्हणाला. मी पेल्यातल्या बर्फाकडे पाहत राहिलो. तो निम्मा विरघळला होता.

मुख्य अडचण मात्र पुढेच होती. इंजिनिअर दोन आठवड्यांनी विमानात बसणार होता. तो पुन्हा कुवेतला येणार नव्हता. मुलाखत फसली तर स्वयंपाक्याचे जाणे कायमचे राहिले, शिवाय पासपोर्टवर नकार लागला तर तो आयुष्यभराचा. नव्या खुलाशात प्रयोजन असे लिहावे लागणार होते की जे वाचून कोणालाही कारखाना आठवू नये. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाक्याला एकट्याला बोलावले.

"खरे सांग. साहेबाचे मन मोडायचे नाही म्हणून जातोस, की तुला जायचेच आहे?"

त्याने एकदा दुकानाच्या दर्शनी भागाकडे पाहून घेतले. मग म्हणाला, "अकरा वरसां झाली मास्तरांनू. आधी मुंबईक खानावळीत, मगे हय. मासे साफ करतंय, तळतंय, सार करतंय. धरूक एकय नाय."

"मग येथे समुद्र नाही का? बसायचे एखाद्या शुक्रवारी दोरी टाकून."

"आणि लोक काय म्हणतले? नोकरी गेली म्हणान बसलो. आमच्याकडे गरवत बसता तो एक तर म्हातारो, नायतर रिकामटेकडो. थंय कोण वळखता माका?"

"मग लिहू का, हौस म्हणून?"

"हौस?" त्याला हा शब्द मुळीच पटला नाही. "हौस लग्नात करतत."

"मग हे काय आहे?"

त्याने दोन्ही पंजे टेबलावर उलटे करून ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत म्हणाला, "हात शिवशिवतत."

प्रयोजन मिळाले, पण ते इंग्रजीत कसे न्यावे? माझ्याजवळ एक जुना कोश होता. त्यात शिवशिवणे या शब्दापुढे जो अर्थ होता त्याचे सरळ मराठी खाज सुटणे असेच होत होते. परदेशी जाण्याच्या अर्जात हाताच्या खाजेचा उल्लेख आला, तर वकिलात वैद्यकीय दाखला मागेल हे सांगायला मोठ्या अनुभवाची गरज नव्हती. मी दिवसभर शब्द शोधला. आजवर मी आजारपणासाठी, मर्तिकासाठी, लग्नासाठी, पडलेल्या भिंतीसाठी, हरवलेल्या पासपोर्टसाठी अर्ज लिहिले होते. एका माणसाला एक मासा पकडायचा आहे, एवढ्याच कारणासाठी कधीही लिहिला नव्हता. अशा कारणाला नेहमीची वाक्ये चिकटतच नव्हती. 'सविनय' लिहिले की ते कारण लाचार दिसे, आणि 'अत्यावश्यक' लिहिले की खोटे वाटे.

आणखी एक गोष्ट माझ्या मार्गात होती, ती लपवण्यात अर्थ नाही. पहिला मजकूर चुकीचा का होता, याचे कारण देणे भाग होते. मी आधी लिहिले, 'भाषांतरातील अनवधानामुळे'. ते वाक्य मी घरी नेले, जेवताना समोर ठेवले. भाषांतर तर कोणी केलेच नव्हते. अनवधानही नव्हते, मी अगदी लक्षपूर्वक चुकलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच मी तो कागद फाडला आणि नवा लिहिला. त्याचा मराठी आशय असा होता:

'अर्जदार जन्माने मासेमार असून गेली अकरा वर्षे स्वयंपाकी आहे. या काळात त्याने इतरांनी पकडलेले मासे शिजवले, स्वतः एकही पकडलेला नाही. गोठलेल्या तळ्यावर त्यास तो पकडावयाचा आहे. याव्यतिरिक्त प्रयोजन नाही. मागील अर्जातील मजकूर अर्ज लिहिणाऱ्याच्या अज्ञानातून आला आहे. आइस फिशिंग म्हणजे काय हे त्यास ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे.'

अर्ज लिहिणाऱ्याची सही अर्जावर कधी नसते. या अर्जावर मी तळाशी माझी सही केली. स्वयंपाक्याने ती पाहिली.

"ही कित्याक?"

"मुलाखतीत विचारले तर सांग, चुकणारा हा. मी नव्हे."

"माका इंग्रजी येता खंय येवढा?"

"मग नुसते बोट ठेव सहीवर."

मुलाखतीच्या दिवशी माझे हात कामाला लागेनात. एका ट्रकचालकाच्या रजेच्या अर्जात मी त्याच्या सासऱ्याऐवजी त्यालाच आजारी पाडले आणि कागद पुन्हा लिहिला. दुपार कलली तेव्हा स्वयंपाकी दारात उभा राहिला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झाले?"

"वकिलातीतल्या साहेबान कागद वाचल्यान. मगे माका म्हणालो, तू दोरी कशी धरतंस ती दाखव."

"मग?"

"दाखवलंय." त्याने माझ्यापुढे हात धरला. अंगठा आणि पहिले बोट यांच्यामध्ये नसलेली दोरी, मनगट सैल, आणि मग एकाएकी दिलेला एक बारीक हिसका. माझ्या टेबलाखाली खरोखरच काही तरी लागले असावे, असे मला क्षणभर वाटले. "तो बघीत रवलो. मगे शिक्को मारल्यान."

एक महिन्याचा व्हिसा होता. त्याच आठवड्यात तो गेला.

तो महिना मी नेहमीप्रमाणे काम केले. मात्र गॅरेजच्या गिऱ्हाइकांना मी एक नवीनच प्रश्न विचारू लागलो होतो: बर्फ का तरंगतो, ठाऊक आहे का? पंजाबी मेकॅनिक म्हणाला, वकीलसाहेब, धूप लग गई है आपको. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना मी पेला मागवून दाखवीत असे.

परत आल्यावर तो सलवाहून बस बदलून मुद्दाम मला भेटायला आला. गालांवरची कातडी थंडीने सोलवटली होती. मी दुकानाचे काम मिसरी गृहस्थाच्या हवाली केले आणि खुर्ची ओढली. त्याने सांगितलेले मी येथे क्रमाने देतो, कारण त्याने ते क्रमाने सांगितले नव्हते.

तळे उंचावर होते, चहूकडे काळीभोर झाडे आणि त्यांच्यावर पांढरे डोंगर. पहिल्या दिवशी तळे कुठे आहे म्हणून तो शोधत राहिला, आणि म्हातारा, म्हणजे इंजिनिअरचा बाप, जमिनीवर काठी आपटून दाखवीत होता की तू तळ्यावरच उभा आहेस. बर्फ बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत जाड होता. म्हाताऱ्याने तो सुताराच्या गिरमिटासारख्या, पण माणसाच्या छातीएवढ्या उंच अवजाराने हाताने फिरवून पोखरला. भोकात बर्फाचा चुरा पुन्हा पुन्हा जमे, तो काढायला म्हाताऱ्याने खिशातून जे काढले ते पाहून स्वयंपाक्याला हसू आले. तो झारा होता. भजी तळायचा असतो तसाच. ते काम त्याने म्हाताऱ्याच्या हातून काढून घेतले आणि शेवटच्या दिवसापर्यंत परत दिले नाही.

"खोली किती?"

"पंधरा वाव." एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचे अंतर. पंधरा माणसे हात पसरून उभी केली तर जेवढी रांग होईल, तेवढे पाणी त्याच्या पायाखाली होते.

"भीती नाही वाटली?"

"दुसऱ्या दिवशी वाटली. बरफ ओरडलो."

"बर्फ ओरडला म्हणजे?"

"तोफ सुटल्यासारखो. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी आडवो पडलंय, पोटावर. म्हातारो हसाक लागलो. मगे माका हातान सांगल्यान, ओरडता तो बरो. गप रवता त्याची भीती." थंडीने बर्फ आकसतो, ताणला जातो आणि त्याला तडा जाताना असा आवाज होतो, असे इंजिनिअरने त्याला नंतर सांगितले होते.

चार दिवस काही लागले नाही. म्हाताऱ्याला हिंदी येत नव्हते, याला इंग्रजी बेताचे. दोघे दोन भोकांशी खोक्यांवर बसून राहत. गळाला चमच्याच्या पोटासारखी पत्र्याची चकती आणि तिच्यावर माशाचा तुकडा. ती तळाशी न्यायची, हातभर उचलायची, सोडायची, थांबायचे. म्हाताऱ्याने त्याला वीतभर लांबीची आखूड काठी दिली होती. पाचव्या दिवशी त्याने काठी बाजूला ठेवली, हातमोजा काढला आणि दोरी बोटांत धरली. म्हातारा रागावला, बोटे गळून पडतील अशी खूण त्याने केली. मग पाहू लागला.

"आणि?"

"मगे इलो."

"कसा? नीट सांग."

"आधी कळला नाय. दोरी हलकी झाली. जड नाय मास्तरांनू, हलकी. तो खालून उचलून धरता तेव्हा दोरी हलकी होता. तेवढाच कळूक होया. माका वाटला होता, हात इसारले आसतले. नाय इसरूक."

पंधरा वाव दोरी उघड्या हातांनी ओढायला त्याला किती वेळ लागला, ते त्याला सांगता येईना. मध्येच मासा खाली धावे आणि दोरी बोटे कापत जाई. मग भोकातल्या पाण्यावर बुडबुडे येऊ लागले. मासा दिसण्याआधी बुडबुडे वर आले, कारण खोलातून येताना हा मासा पोटातली हवा सोडतो. म्हातारा उठून उभा राहिला. पाठोपाठ करडे, फिकट ठिपक्यांचे डोके आले आणि भोकाच्या कडेला अडकले. स्वयंपाक्याने गुडघ्यांवर बसून, बाही भिजवून, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि डोके वळवले.

मी त्याला आणखी बरेच विचारले. पाणी बोटांना भाजते की बधिर करते? मासा वर आल्यावर गोठतो का? शिजवला कसा? (म्हाताऱ्याच्या चुलीवर, त्याने नेलेल्या तिरफळांचे सार, म्हातारा घाम पुसत दोन वेळा वाढून घेत होता.) एवढ्या थंड पाण्यातला मासा चवीला कसा? गोडसर, तो म्हणाला, पण काटा बारीक.

शेवटी त्याने शर्टाच्या खिशातून फोटो काढला. इंजिनिअरने काढलेला. सगळीकडे पांढरे, मागे काळी झाडे, मध्ये हा, कानापर्यंत टोपी ओढलेला, आणि त्याच्या हातात त्याच्याच हाताएवढा लांब मासा. बाजूला म्हातारा तोंडभर हसत होता. स्वयंपाकी हसत नव्हता. त्याने मासा उचलून धरला होता, पण त्याची मान खाली होती आणि डोळे भोकाकडे लागलेले होते. अकरा वर्षांनी मिळालेला मासा हातात असताना त्याने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, हे मला कोडे वाटले.

"कॅमेऱ्याकडे का नाही बघितलेस?"

त्याने फोटो माझ्या हातातून घेतला, नीट पाहिला आणि जणू मलाच काही कळत नाही अशा स्वरात म्हणाला, "खाली दुसरो होतो मा, मास्तरांनू."